नोकरी सोडून स्वतःची व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशिन) टाकायची. घराचं, पर्सनल आणि पतसंस्थेचं कर्ज चालू आहे. हिशेब तपासून द्या

टूलरूमवाला:

नमस्कार मंडळी. चाकणला एका कंपनीत टूलरूमला प्रोग्रॅमर-कम-सेटर (मशिनचा प्रोग्रॅम लिहून जॉब लावणारा) आहे, १४ वर्षं झाली. वय ३८. भोसरीत ८०० चौरस फुटांचा गाळा बघून ठेवलाय. एक ३-ॲक्सिस व्हीएमसी टाकून जॉबवर्क (दुसऱ्यांच्या मालावर मजुरीने काम) सुरू करायचा विचार आहे. "हिंमत करा" आणि "वेडेपणा करू नका" हे दोन्ही सल्ले भरपूर मिळालेत, मला आकडे तपासून हवेत.

घरची बाजू:
हातात येणारा पगार ५८,०००. बायकोचा शाळेतला पगार १९,०००.
घरखर्च ३२,०००. यात दोन मुलांच्या फिया, आईची औषधं, पेट्रोल सगळं आलं, हप्ते नाहीत.
होम लोन शिल्लक २२ लाख, ८.५ टक्के, १५ वर्षं बाकी, हप्ता २१,६६४.
पर्सनल लोन शिल्लक ४ लाख, १४ टक्के, ३० हप्ते बाकी, हप्ता १५,८८०.
कंपनीच्या कामगार पतसंस्थेचं १.८ लाख, १२ टक्के, २४ हप्ते बाकी, हप्ता ८,४७३. हा पगारातून कापला जातो. वरचे ५८ हजार तो कापूनच आहेत.
क्रेडिट कार्डावर ७० हजार फिरतायत, मिनिमम भरतो.
जमेत पीएफ ९.५ लाख, एफडी ३ लाख. बेसिक २६,००० आहे, म्हणजे ग्रॅच्युइटी साधारण २.१ लाख. सोनं १२ तोळे, गहाण नाही.

धंद्याची बाजू:
नवीन मशिन २७ लाख अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३१.८६ लाख. टूलिंग आणि गेजेस (मापाची साधनं) ३ लाख. कॉम्प्रेसर, स्टॅबिलायझर, वीजजोडणी, गाळ्याचं डिपॉझिट मिळून २.५ लाख. बँक २२ लाख देते म्हणतेय, १०.५ टक्के, ५ वर्षं, हप्ता ४७,२८७. उरलेले १५.३६ लाख मी घालायचे.
दर महिन्याला भाडं १८,०००, वीज १४,०००, एक ऑपरेटर २०,०००, इन्सर्ट-एंडमिल-कूलंट (झिजणारी कटिंग टूल्स आणि थंड ठेवायचं द्रव) १५,०००, मेंटेनन्ससाठी बाजूला ५,०००, सीए-टेम्पो-किरकोळ ६,०००. एकूण ७८,०००.
दोन पार्ट्या (गिऱ्हाईक कंपन्या) ४५० रुपये तासाने काम द्यायला तयार आहेत, तोंडी. एक पाळी ऑपरेटर, एक मी. २० तास गुणिले २६ दिवस, ५२० तास, २.३४ लाख. खर्च आणि हप्ता जाऊन १ लाख ८ हजार उरतात. आत्ताच्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट. कुठे चुकतंय?

—

मायक्रॉन:

बाकी खर्च बऱ्यापैकी बरोबर धरलेत, चूक त्या ५२० तासांत आहे.

मशिन चालू असलेले तास आणि बिल होणारे तास वेगळे. नवीन जॉब लागला की फिक्स्चर (पीस घट्ट धरणारी चौकट) बसवणं, ऑफसेट घेणं (पीसची नेमकी जागा मशिनला देणं), पहिला पीस काढून पार्टीकडून ॲप्रूव्ह करून आणणं, यात अर्धा दिवस सहज जातो आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. टूलरूममध्ये हा वेळ कंपनीच्या खात्यात जातो म्हणून जाणवत नाही. त्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद राहणं, कास्टिंग (पार्टीचा ओतीव माल) उशिरा येणं, ऑपरेटरची दांडी. शिवाय दुसरी पाळी तुम्ही स्वतः मशिनवर उभे राहणार असाल तर कोटेशन कोण देणार, माल आणायला कोण जाणार, पेमेंटसाठी कोणाच्या केबिनबाहेर कोण बसणार? पहिल्या वर्षी ५५-६० टक्के तास बिल झाले तर चांगलं म्हणायचं.

६० टक्के धरा: ३१२ तास, १,४०,४०० रुपये. वीज आणि टूल्स तासांबरोबर कमी होतात, ते २९ हजारांवरून १७,४०० वर येतील. बाकीचं भाडं, ऑपरेटर, मेंटेनन्स, किरकोळ मिळून ४९ हजार आणि हप्ता ४७,२८७ हे काही कमी होत नाहीत. हातात राहतात २६,७००.

आता घराला किती लागतात ते बघा. ३२,००० खर्च, होम आणि पर्सनल लोनचे ३७,५४४, पतसंस्थेचे ८,४७३ (पगार नाही म्हणजे हे आता तुम्ही हाताने भरायचे), कंपनीचा मेडिक्लेम जाणार म्हणून स्वतःचा, ४,००० धरा. ८२ हजार. वहिनींचा पगार वजा केला की ६३ हजार. म्हणजे महिन्याला ३६ हजारांचा खड्डा, आणि कार्डाचं मिनिमम यात धरलेलंही नाही.

उलट बाजूने: एका बिल झालेल्या तासामागे वीज-टूल जाऊन ३९४ रुपये सुटतात. दुकानाचा बांधील खर्च, हप्ता आणि घर मिळून १,५९,००० हवेत. म्हणजे ४०४ तास, ७८ टक्के. पहिल्याच महिन्यापासून. पाच-सात मशिनचं, नेमलेला सुपरवायझर असलेलं शॉपसुद्धा हा आकडा सहज गाठत नाही.

४५० च्या दराचंही बघा. पार्टी "तास" म्हणते तेव्हा बहुतेक वेळा पीसवर दर ठरवते आणि फक्त कटिंगचा सायकल टाइम मोजते. ६ मिनिटं सायकल असेल तर ४५ रुपये पीस. पण लोडिंग-अनलोडिंग आणि चिप्स उडवायला दीड मिनिट गेलं की साडेसात मिनिटांना एक पीस, तासाला ८, म्हणजे प्रत्यक्ष दर ३६०. डिबरिंग (कडांची कूस काढणं) आणि तपासणी अजून बाकीच आहे. दर ठरवताना "फ्लोअर टू फ्लोअर" वेळ (पीस उचलल्यापासून परत ठेवेपर्यंतचा) लिहून घ्या, आणि सेटिंग चार्ज लॉटप्रमाणे वेगळा लावा. लॉट २० पीसचा असेल तर सेटिंग चार्जशिवाय काम घेऊच नका.

रिजेक्शनची अट पीओवर (पार्टीच्या लेखी ऑर्डरवर) काय आहे तेही वाचा. कास्टिंग पार्टीचं असतं. तुमच्या चुकीने पीस गेला तर डेबिट नोट (तुमच्या बिलातून कपात) मजुरीची येत नाही, मालासकट येते. १,८०० च्या कास्टिंगचे ५ पीस बोअर ओव्हरसाइज झाले तर ९,००० गेले, म्हणजे २० तासांची मजुरी. मटेरियलमध्ये ब्लोहोल (ओतकामातली पोकळी) निघाला तर ते रिजेक्शन कोणाच्या खात्यात, आणि प्रोसेस रिजेक्शन किती टक्क्यांपर्यंत माफ, हे दोन्ही आधी लेखी घ्या.

—

जमाखर्च:

मायक्रॉन यांनी नफ्याची बाजू नीट सांगितली. मी फक्त रोख पैशाचं बोलतो, कारण असे गाळे तोट्याने कमी आणि पैसे अडकून जास्त बंद पडतात.

तुमचा वाटा १५.३६ लाख. तुमच्याकडे पीएफ, एफडी, ग्रॅच्युइटी मिळून १४.६ लाख. म्हणजे पहिला पीस कापायच्या आधीच सगळं संपलं आणि वर ७६ हजार कमी. खेळतं भांडवल शून्य.

पार्टी "६० दिवस" म्हणते, ते बिलाच्या तारखेपासून नाही, त्यांच्या स्टोअरला जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाल्यापासून, आणि पेमेंट रन महिन्यातून एकदाच. प्रत्यक्षात ७५-९० दिवस धरा. त्या तीन महिन्यांत दुकानाचा खर्च हप्त्यासकट सव्वा लाख आणि घराचे ६३ हजार जातच राहणार. तीन महिन्यांचे ५.६ लाख. शिवाय मशिन बुक केल्यापासून डिलिव्हरी, पाया, वाढीव भाराची वीजजोडणी, इन्स्टॉलेशन यात दोन-अडीच महिने जातात आणि भाडं पहिल्या दिवसापासून. बँकेकडे मुद्दलावर ३ ते ६ महिन्यांचा मोरॅटोरियम (तोवर मुद्दल न भरण्याची मुभा) मागा, सँक्शन लेटरमध्ये तो लिहून आला पाहिजे. व्याज त्या काळातही भरावं लागतं, २२ लाखांवर महिन्याला १९,२५०.

मशिनवरच्या ४.८६ लाखांच्या जीएसटीबद्दल लोक गोंधळतात. तो बुडत नाही, इनपुट क्रेडिट म्हणून लेजरला बसतो आणि तुमच्या बिलांवरच्या जीएसटीत वळता होतो. महिन्याला १.४ लाखांचं बिल आणि १८ टक्के धरले तर २५ हजारांच्या हिशेबाने ते क्रेडिट १९ महिने पुरेल. म्हणजे सुरुवातीला जीएसटी रोखीने भरावा लागणार नाही, पण आज मात्र ते ४.८६ लाख रोख लागणार. बँकेला विचारा, कर्ज बेसिक किमतीवर देताय की जीएसटीसकट इन्व्हॉइसवर. दोघांमध्ये तुमच्या खिशाला मोठा फरक पडतो. एक लक्षात ठेवा, क्रेडिट घेतलं की त्या जीएसटीच्या रकमेवर घसारा मिळत नाही. आणि हे क्रेडिट हवं असेल तर मशिनचं बिल यायच्या आधी नोंदणी झालेली हवी. सेवेसाठी २० लाखांची मर्यादा आहे म्हणून नोंदणी लांबवू नका. तसंही मोठी पार्टी बिगरनोंदणीच्या माणसाला वेंडर कोड देत नाही.

उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद) फुकट आहे, आधी ती करा आणि नंबर बिलावर छापा. एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात पेमेंटला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. आयकरातल्या तरतुदीमुळे २०२३-२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांना वेळेत पैसे न देणाऱ्या पार्टीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, म्हणून मार्चअखेरीला जुनी बिलं एकदम निघतात. एरवी एमएसएमईच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, व्याजही बँक रेटच्या तिप्पट आहे. पण दोनच गिऱ्हाइकं असणारा माणूस त्यातल्या एकावर तक्रार करत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि पार्टीलाही. ४५ दिवसांचा कायदा तुमच्या कॅश फ्लोमध्ये धरू नका.

—

जामीनदार:

पतसंस्थेच्या कर्जाकडे कोणी बघितलं नाही. रक्कम छोटी आहे, पण नोकरी सोडताना पहिली ठेच तिथेच लागते.

कामगार पतसंस्थेचं कर्ज तुमच्या पगारावर दिलेलं असतं. कंपनी जी कपात करते ती सहकार कायद्याच्या ४९ कलमाखालच्या तुमच्या लेखी संमतीने. राजीनामा दिलात की बहुतेक संस्थांच्या पोटनियमांप्रमाणे सभासदत्वच संपतं आणि शिल्लक एकरकमी मागतात. नो-ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा दाखला) दिल्याशिवाय एचआर फुल अँड फायनल (सुटतानाचा शेवटचा हिशेब) सोडत नाही. म्हणजे हे १.८ लाख हप्त्याने फेडायचे आहेत असं धरूच नका, ते सुटायच्या दिवशीच द्यायचे आहेत. तुमचे शेअर्स आणि वर्गणी संस्थेकडे असेल, ती यातून वळती होते. पासबुक काढून बघा, अनेकांच्या ३०-४० हजारांपर्यंत जमलेली असते.

आणि ते थकलं तर नोटीस तुमच्याआधी तुमच्या दोन जामीनदारांच्या पगाराला लागते. ते तुमच्याच शॉप फ्लोअरवरचे असणार. त्याच कायद्याच्या १०१ कलमाखाली वसुली दाखला काढायला संस्थेला फार दिवस लागत नाहीत.

—

चिप_कन्व्हेयर:

एवढं कशाला? सेकंडहँड घ्या. १०-१२ वर्षं जुनी व्हीएमसी १२ लाखांत मिळते. ३ लाख तुमचे, ९ लाख फायनान्स. विषय संपला.

—

मायक्रॉन:

भाऊ, विषय तिथे सुरू होतो. जुन्या मशिनला सरकारी बँका सहसा हात लावत नाहीत, एनबीएफसी (खाजगी फायनान्स कंपनी) देते १५ टक्क्यांच्या आसपास, मुदत ३ वर्षं. ९ लाखांना हप्ता ३१,१९९. म्हणजे मूळ किमतीत १५ लाख स्वस्त मशिन घेऊन हप्त्यात वाचले १६ हजार, आणि मेंटेनन्सला ५ हजार धरलेत ते पुरणार नाहीत.

तरी घ्यायचीच असेल तर मशिन त्यांच्या जागेवर पॉवरवर असताना बघा, यार्डात झाकून ठेवलेली नको. स्पिंडलला (टूल फिरवणाऱ्या दांड्याला) टेस्ट बार लावून रनआउट (फिरताना किती डगमगतो): नाकाशी ५ मायक्रॉन, ३०० मि.मी.वर १५-२० च्या वर असेल तर सोडा. स्पिंडल कार्ट्रिजचा खर्च लाखात जातो. तिन्ही ॲक्सिसचा बॅकलॅश (दिशा बदलताना राहणारी ढिलाई) डायलने बघा, आणि तो कंट्रोलमध्ये कॉम्पेन्सेशन टाकून लपवलाय का ते पॅरामीटरला जाऊन बघा; आकडा मोठा दिसला की बॉल स्क्रू संपलाय समजा. स्पिंडल ६,००० वर अर्धा तास चालवून हात लावा. एटीसी (टूल आपोआप बदलणारा भाग) २४ च्या २४ पॉकेट फिरवा. पॅरामीटर आणि लॅडरचा (मशिनच्या आतल्या सेटिंग आणि कंट्रोल प्रोग्रॅमचा) बॅकअप मेमरी कार्डवर घेतल्याशिवाय मशिन हलवू देऊ नका, वाटेत बॅटरी गेली तर मशिन म्हणजे नुसतं ओतीव लोखंड.

कागदात मूळ इन्व्हॉइस आणि आधीच्या बँकेचं बोजा उतरल्याचं पत्र. हे नसेल तर कितीही स्वस्त असो, ते मशिन उद्या दुसऱ्याच्या बँकेचं निघू शकतं.

—

टूलरूमवाला:

सगळ्यांचे आभार. ४०४ तासांचा आकडा बघून सुन्न झालो, पण हेच हवं होतं.

तीन प्रश्न. एक, पर्सनल आणि पतसंस्था फेडून मग सोडली तर चित्र किती बदलतं? दोन, बँक मॅनेजर म्हणतो सीजीटीएमएसईत (छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टच्या योजनेत) करू, घर तारण नको. मग घर सुरक्षित ना? तीन, नोकरी असताना बायकोच्या नावाने फर्म काढून रात्रपाळीत कोणाच्या तरी मशिनवर काम सुरू केलं तर?

—

जमाखर्च:

पहिल्याचं उत्तर. पर्सनल आणि पतसंस्थेचे हप्ते गेले की घराची गरज ६३ हजारांवरून ३८,६५० वर येते. लागणारे तास ४०४ वरून ३४२. म्हणजे ७८ टक्क्यांवरून ६६. अजून कठीणच, पण दोन चांगली गिऱ्हाइकं असतील तर दुसऱ्या वर्षी गाठण्यासारखं. एवढा फरक मशिनवर २ लाखांची घासाघीस करूनही पडत नाही.

पण आज एकदम फेडू नका, एफडी मोडून काही उरणार नाही. क्रम असा लावा. कार्डाचे ७० हजार याच आठवड्यात एफडीतून. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज जातंय, एफडीवर वर्षाला सात मिळतंय. मग १४ महिने नोकरीतच राहा आणि चालू हप्ते भरत जा. १४ महिन्यांनी पर्सनल लोनची शिल्लक २.३ लाख राहील, पतसंस्थेची ८० हजार. मिळून ३.१ लाख. तोवर सेवा १५ वर्षं पूर्ण, ग्रॅच्युइटी १५ दिवसांच्या हिशेबाने २.२५ लाख, बाकीचे ८५ हजार उरलेल्या एफडीतून. पीएफला हात न लावता दोन्ही कर्जं बंद. फक्त पतसंस्थेचं नो-ड्यूज आधी लागतं आणि ग्रॅच्युइटी मागून येते, तेव्हा ते ८० हजार एफडीतून आधी भरा. पर्सनल लोनचा फोरक्लोजर चार्ज (मुदतीआधी फेडल्याचा आकार) किती तेही करारात बघून ठेवा. फ्लोटिंग होम लोनला तो नसतो, या लोनला असू शकतो.

होम लोन लवकर फेडायच्या भानगडीत पडू नका. ८.५ टक्क्यांचं कर्ज फेडून १०.५ चं नवीन घेणं म्हणजे उलटा व्यापार. तिथे फक्त रोख हातात ठेवा.

पीएफ काढण्याचे नियम मध्यंतरी बदललेत, राजीनाम्यानंतर लगेच सगळी रक्कम खात्यात येईल असं गृहीत धरून मशिनचा ॲडव्हान्स देऊ नका. पाच वर्षांपेक्षा जास्त सलग सेवा आहे म्हणून कर लागणार नाही.

दुसऱ्याचं: सीजीटीएमएसई ही हमी बँकेला आहे, तुम्हाला नाही. तुमचं थकलं तर ट्रस्ट बँकेला भरपाई देतो, तुमचं देणं तसंच राहतं आणि बँक वसुली चालूच ठेवते. वर हमीची फी दरवर्षी तुमच्याच खात्यातून जाते. प्रोप्रायटरशिपमध्ये फर्म आणि तुम्ही वेगळे नाहीत. घरावर मॉर्गेज नसणं एवढाच फायदा, आणि तो घ्यावाच. मॅनेजर सँक्शनच्या शेवटच्या दिवशी "एक सही इथे" म्हणून घराचे कागद अतिरिक्त तारणात टाकतो का, त्यावर लक्ष ठेवा. होम लोन ज्या बँकेत आहे तिथे मशिन लोन नकोच. तारणपत्रात बरेचदा "कर्जदाराची बँकेकडची सर्व देणी" असं वाक्य असतं.

—

सौ_हिशेबी:

तिसऱ्याचं मी सांगते. फर्म वहिनींच्या नावाने काढलीत तरी काम तुम्ही करणार, आणि तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये पूर्णवेळ नोकरीची अट असणारच. कंपनीचा वेंडर किंवा गिऱ्हाईक असलेल्या कोणाचंही काम त्या काळात घेऊ नका, तो सरळ हितसंबंधांचा विषय होतो आणि नोकरी तर जातेच, रिलीव्हिंग लेटरही बिघडतं. नोकरी सोडल्यानंतर "त्या क्षेत्रात काम करणार नाही" अशी अट करार कायद्याच्या २७ कलमापुढे टिकत नाही, पण कंपनीची ड्रॉइंग्ज, प्रोग्रॅम, फिक्स्चर डिझाइन पेन ड्राइव्हवर नेणं हा वेगळा गुन्हा. घरच्या लॅपटॉपवर काही असेल तर आत्ताच साफ करा.

करता येण्यासारखं असं: रजा टाकून, शनिवार-रविवार धरून, ओळखीच्या शॉपमध्ये मशिनचे तास भाड्याने घ्या. नफा तासामागे शंभर-दीडशेच राहील, पण त्या दोन पार्ट्या खरंच पीओ देतात का, पहिलं पेमेंट कितव्या दिवशी येतं, रिजेक्शन किती धरतात, हे मशिन न घेता कळेल. तोंडी शब्दावर २२ लाखांचं कर्ज नको हो. कंपनीला लेखी कळवून परवानगी मिळत असेल तर सगळ्यात उत्तम, काही कंपन्या वेगळ्या प्रकारच्या कामाला हरकत घेत नाहीत.

आता घरचं, कारण तुमच्या हिशेबात ते एका ओळीत उरकलंय.

मेडिक्लेम. आईंची औषधं चालू आहेत म्हणजे आधीपासूनचा आजार आहे. कंपनीची ग्रुप पॉलिसी सुटल्यावर नवीन घ्यायला गेलात तर त्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागा, म्हणजे ग्रुपमध्ये काढलेली वर्षं धरली जातात. अर्ज राजीनाम्याआधी एचआरमार्फत; शेवटचा दिवस उलटला की विमा कंपनी नव्या गिऱ्हाइकासारखं वागवते. आईंचा हप्ता बाकी चौघांपेक्षाही जास्त येईल, त्यामुळे मायक्रॉन यांनी धरलेले ४ हजार अपुरे पडतील असं मला वाटतं.

टर्म प्लॅन नोकरीत असतानाच घ्या, पगाराच्या स्लिपवर सहज मिळतो. नंतर दोन-तीन वर्षांची आयकर विवरणं मागतात आणि नव्या धंद्यात ती कमीच दिसतात. रक्कम सगळ्या कर्जांच्या बेरजेपेक्षा जास्त हवी, मशिनचं धरून.

खाती वेगळी ठेवा. घराचे हप्ते ज्या खात्यातून जातात ते धंद्याच्या बँकेत नको, कारण थकलं की बँक त्याच बँकेतल्या बचत खात्यातून वळतं करून घेऊ शकते. घराच्या खात्यात सहा महिन्यांची तूट आधी टाकून ठेवा, ३८,६५० च्या हिशेबाने २ लाख ३२ हजार, आणि ती रक्कम धंद्याला "दोन दिवसांसाठी" वापरायची नाही. वहिनी होम लोनमध्ये सहकर्जदार असतील तर तुमचा हप्ता चुकला की त्यांचंही सिबिल खराब होतं, तेव्हा मशिनच्या कर्जावर सही फक्त तुमची असली तरी निर्णय दोघांचा.

सोनं मार्जिनसाठी (मशिनमधल्या तुमच्या वाट्यासाठी) नको. १२ तोळे हे शेवटचं दार आहे; पार्टीचं पेमेंट एक महिना लटकलं तर गोल्ड लोन तासाभरात मिळतं आणि पेमेंट आलं की सुटतं. मशिनमध्ये घातलेलं सोनं परत येत नाही.

—

टूलरूमवाला:

ताई, मेडिक्लेमचं डोक्यातच नव्हतं. आज एचआरला ग्रुप पॉलिसीची प्रत मागितली. कार्डाचे ७० हजारही भरले.

शेवटचं: जिल्हा उद्योग केंद्राच्या योजनेत अनुदान मिळतं म्हणतात. १४ महिने हातात आहेत तर तो मार्ग बघू का? एजंट म्हणतो ३५ टक्के, फाइलचे २५ हजार.

—

जमाखर्च:

एजंट सोडा. ती योजना म्हणजे मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, त्याचा अर्ज ऑनलाइन आहे, फी नाही. ३५ टक्के सगळ्यांना नसतात. सर्वसाधारण गटाला शहरी भागात १५ आणि ग्रामीणमध्ये २५; महिला आणि इतर विशेष गटांना शहरीत २५, ग्रामीणमध्ये ३५. भोसरी महापालिकेत येतं म्हणजे शहरी. नुसतं अनुदानासाठी गाळा ग्रामीणला हलवू नका, टेम्पोचं भाडं आणि वीज बघा. वहिनींच्या नावाने केलंत तर युनिट त्यांचं म्हणून प्रत्यक्ष तपासणी होते, आणि शाळेतली नोकरी असताना ते कसं दाखवणार हा प्रश्न येतोच.

अनुदान हातात येत नाही. कर्ज वाटप झाल्यावर ते बँकेत ठेव म्हणून तीन वर्षं अडकतं, युनिट चालू असल्याची पाहणी झाली की कर्जात वळतं होतं. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही, पण तुमचा स्वतःचा वाटा आणि खेळतं भांडवल त्यातून निघत नाही. मधेच युनिट बंद पडलं तर ते परत जातं.

आणि आधी मंजुरी, मग खरेदी. मशिनला ॲडव्हान्स देऊन किंवा दुसऱ्या बँकेचं कर्ज काढून नंतर अर्ज केला तर "नवीन युनिट नाही" म्हणून फाइल परत येते. राजीनामाही मंजुरीपत्र हातात आल्यावर. तुमचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर तो मशिनच्या डिलिव्हरीच्या काळावर बसवा, म्हणजे पाया आणि वीजजोडणी होईपर्यंत पगार चालू राहतो.

—

मायक्रॉन:

वीजजोडणीचं एक राहिलं. गाळ्याचा मंजूर भार किती आहे ते मालकाच्या वीजबिलावर आजच बघा. जुन्या गाळ्यांना बऱ्याचदा ५-१० एचपीच असतो. व्हीएमसी आणि ५ एचपी कॉम्प्रेसरला २५ केव्हीएच्या आसपास लागतो, आणि भार वाढवायचा अर्ज मालकाच्या नावानेच करावा लागतो. तो सही द्यायला तयार आहे का, आणि वाढीव डिपॉझिट कोणाचं, हे भाडेकरारात लिहून घेतल्याशिवाय टोकन देऊ नका.